गार इंजिनाचा आवाज

१

उजाडता उजाडता मास्तरीणबाई खाली येत, गाडीवरचं कव्हर काढून त्याची नीट घडी घालत, चारी चाकांकडे वाकून बघत, काचा पुसत, आणि मगच दार उघडून किल्ली फिरवत. या क्रमात थंडी असो की उकाडा, कधी फरक पडत नसे. शिकायला येणाऱ्यांनाही त्या पहिल्या दिवशी हेच सांगत. गाडीत बसण्याआधी गाडीकडे बघायला शिका, स्टिअरिंग कुठे पळून जात नाही.

गाडी शिकवणं हा बाईंचा धंदा. घाबरट, आगाऊ, म्हातारे, नुकतं लग्न झालेले, अशी सगळी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी त्यांचा ओरडा खाल्ला होता. इतक्या वर्षांत बाईंच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता, हे त्या न विचारता सांगत. आताची गाडी त्यांनी शोरूममधून थेट नवीकोरी आणली होती. बाजूच्या सीटपुढे नेहमीच्या मिस्त्रीकडून पेडलांचा दुसरा जोड बसवून घेतला होता, एक क्लच आणि एक ब्रेक. शिकणारा गडबडला की शेजारी बसलेल्या बाई आपल्या पायाने गाडी थांबवत.

त्या सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन चालू झालं आणि पुढून कुठूनतरी आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा, टक् टक्. बोटाच्या पेरांनी पत्र्यावर हलकेच वाजवावं तसा. बाईंनी कान टवकारले, पण तेवढ्यात तो थांबलाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. गाडी एकदा रस्त्याला लागली की दिवसभर आवाजाचं नाव नाही.

न्याहारी करताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. उभा जन्म पंपांच्या घरघरीत काढल्यामुळे कुठल्याच आवाजाचं त्याला काही वाटत नसे.

"थंडीत माझे गुडघे नाही का वाजत?" तो म्हणाला. "तू काय मला मिस्त्रीकडे नेतेस?"

"तुमच्या गुडघ्यांवर माझं पोट चालत नाही," बाई म्हणाल्या, आणि तशाच उठून मिस्त्रीकडे निघाल्या.

२

मिस्त्री गोड बोलणारा माणूस होता. इतका गोड, की त्याने आपलं म्हणणं धुडकावलंय हे गिऱ्हाइकाला घरी पोचल्यावर कळायचं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, मान तिरकी करून ऐकलं.

"आवाज नाही येत, बाई."

"आता कसा येईल? मी गाडी चालवत आणली, इंजिन तापलंय. तो गार असतानाच येतो."

"मग थंडीचाच असणार. रात्रभर ऑइल खाली उतरतं. सकाळी ते वर चढेपर्यंत इंजिनातले टॅपेट वाजतात. सगळ्या गाड्यांचं असतं ते."

"सगळ्या गाड्यांचं मला काय सांगता? माझी गाडी गेल्या आठवड्यापर्यंत वाजत नव्हती."

"दिवसभर ट्रॅफिकमध्ये असता तुम्ही. कानही थकतात, बाई."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी मिस्त्रीला ऑइल बदलायला लावलं, फिल्टर बदलायला लावला, आणि दुसऱ्या सकाळी आवाज पुन्हा आल्यावर गाडी आणून त्याच्या शेडमध्ये उभी केली. "आज रात्रभर राहू दे इथंच. उद्या तुम्ही स्वतः किल्ली फिरवा आणि मग माझ्या कानांबद्दल बोला."

दुसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा मिस्त्री शेडच्या बाहेर एका जुन्या टायरवर बसला होता. हातात चहाचा कप होता, पण तो चहा पीत नव्हता.

"आला ना आवाज?" बाईंनी विचारलं.

"आला."

"मग? टॅपेट?"

"नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून सगळीकडे बघितलं. इंजिन साफ आहे. आवाज मधल्या पत्र्यातून येतो. इंजिन आणि सीटा यांच्यामध्ये असतो ना, तो." त्याने कप खाली ठेवला. "तुमच्या बाजूच्या पेडलांची केबल सैल झाली होती. आवळलीये."

एवढं साधं होतं तर हा माणूस असा तोंड पाडून का बसलाय, हे बाईंना कळेना. पण आपण खऱ्या ठरलो याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या गाडीत बसल्या तेव्हा मिस्त्री खिडकीशी आला.

"बाई, तुमच्या बाजूचं पेडल दाबलं की शिकणाऱ्याचं खाली जातं. पण शिकणाऱ्याने दाबलं तर तुमचं हलत नाही. बरोबर ना?"

"तुम्हीच बसवलंय आणि मला विचारता?"

"नाही, आपली खात्री केली," असं म्हणून तो शेडमध्ये निघून गेला.

३

चार-सहा दिवस बरे गेले. मग एका दुपारी बाई बहिणीकडे गेल्या होत्या. गाडी बाहेर उन्हात उभी होती. परत निघाल्या तेव्हा स्टिअरिंगला हात लाववेना, बॉनेटवर तर पापड भाजले असते. बाईंनी पदराने स्टिअरिंग धरलं आणि किल्ली फिरवली.

टक्. टक् टक्.

बाई चिडून इंजिन बंद करणार, तोच एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली आणि हात थांबला. थंडीचा आवाज म्हणावा, तर गाडी तव्यासारखी तापली होती. मग थंडीचा काय संबंध? सकाळी गाडी गार असते हे खरं, पण सकाळी ती आणखी एका बाबतीत वेगळी असते. रात्रभर तिच्यात कुणी नसतं. आजही तिच्यात दुपारभर कुणी नव्हतं.

हा विचार इतका खुळचट होता की त्यांना स्वतःचाच राग आला. शाळेतल्या पोरीसारखं काय हे. त्यांनी सरळ खाली वाकून बाजूच्या पेडलांकडे पाहिलं.

ब्रेकचं पेडल वर येत होतं.

पेडलला स्प्रिंग असते. पाय उचलला की ते खाडकन जागेवर येतं. हे मात्र सावकाश वर येत होतं. बाईंनी हजारदा शिकणाऱ्यांना सांगितलं होतं, ब्रेक एकदम सोडू नका, हळूहळू सोडा. ते पेडल अगदी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुटत होतं.

मिस्त्रीने केबल धड आवळली नाही, असं बाईंनी ठरवलं. घरी येईपर्यंत त्या मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होत्या, आणि भांडणात त्यांचा आवाज इतका वर चढला होता की दुसरं काही ऐकू यायला जागाच उरली नव्हती.

४

बाईंचा मुलगा परगावी नोकरीला होता आणि सून त्यांच्याकडे राहत होती. सून दवाखान्यात नर्स. आता तिची बदली गावाबाहेरच्या नव्या इमारतीत व्हायची होती. तिथे वेळी-अवेळी जायला बस नव्हती, तेव्हा गाडी यायलाच हवी होती. सून शांत, कामसू, आणि शिकायला चांगली. बाई तिच्यावर इतरांपेक्षा कमी ओरडत, म्हणजे इतरांच्या मानाने.

त्या दिवशी सून चढावर गाडी उचलायला शिकत होती. दोनदा गाडी मागे सरकली, दोनदा बंद पडली. बाई शेजारी बसून "क्लच सावकाश सोड, सावकाश" म्हणत होत्या. सुनेने शेवटी गाडी कडेला घेतली.

"आई, एक सांगू? रागावू नका. मला एकानेच काय ते सांगा. दोघांनी सांगितलं की माझा गोंधळ होतो."

"दोघं कोण?"

"तुम्ही म्हणता क्लच सोड. ते म्हणतात दाबून ठेव, दाबून ठेव. मी ऐकायचं कुणाचं?"

"ते म्हणजे कोण?"

"बाबा." सुनेने हनुवटीने डॅशबोर्डकडे दाखवलं. "तुम्ही फोन स्पीकरला जोडलाय ना? इथनं येतोय त्यांचा आवाज. पण ते इतकं हळू का बोलतात?"

बाईंचा फोन पर्समध्ये होता. शिकवताना त्या तो बंद ठेवत. त्या बराच वेळ डॅशबोर्डकडे बघत राहिल्या. तिथे नेहमीची काळी प्लास्टिकची पट्टी होती, स्पीकरची जाळी होती, आणि काही नव्हतं.

"तू गाडी चालू कर," त्या म्हणाल्या. "माझंच ऐक. गाडी माझी आहे."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं. माझ्या शिकवण्यात तोंड घालायचं तुम्हाला काय नडलं होतं, आणि तेही चुकीचं सांगायला? नवरा अंथरुणात उठून बसला. दुपारभर आपण झोपलो होतो, फोन तर स्वयंपाकघरात आहे, असं तो शपथेवर सांगत होता. बाईंचा विश्वास बसला नाही. खरं म्हणजे त्यांना विश्वास ठेवायचा नव्हता. नवरा खोटं बोलतोय एवढंच असतं तर किती बरं झालं असतं.

मग रेडिओ असेल, असं त्यांनी ठरवलं. कुठलंतरी स्टेशन आपोआप लागत असेल. संध्याकाळी त्यांनी खाली जाऊन रेडिओची वायर ओढून काढली, आणि तो अख्खा डबाच उपटून माळ्यावर टाकला.

५

रेल्वे फाटकापाशी जे झालं ते सकाळचं. बाई एकट्याच होत्या, पहिल्या शिकणाऱ्याकडे निघालेल्या. आवाज त्या दिवशी निघताना आला होता आणि त्यांनी कानाडोळा केला होता. फाटक उघडं होतं. पुढची रिक्षा गेली, बाईंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी रुळांवर घेतली.

आणि गाडी थांबली.

बाईंचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. डावा पाय त्यांनी क्लचवरून काढलेला होता, आणि त्यांच्यासमोर क्लच आणि ब्रेक ही दोन्ही पेडलं पार तळापर्यंत गेली होती. इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी तसूभर हलत नव्हती. त्यांनी बुटाचं टोक ब्रेकच्या पेडलखाली घालून ते वर उचलायचा प्रयत्न केला. लोखंड लोखंडाला जोडून टाकावं तसं ते घट्ट होतं.

फाटकवाल्याने शिट्टी फुंकली. मग तो हात हलवत धावत आला. "बाई, पुढे घ्या, काय करताय? घंटी झालीये."

"घेतेय," बाई ओरडल्या. "माझ्यामुळे थांबली नाहीये ती."

त्याच वेळी त्यांना ते काचेवर दिसलं. समोरच्या काचेच्या खालच्या अंगाला, डावीकडे, डॅशबोर्डच्या लगेच वर, वाफेचा एक डाग होता. तोंडाची वाफ काचेवर धरावी तेवढा. तो लहान झाला. मग मोठा झाला. मग लहान. बाकीची काच लख्ख होती, त्यांनी स्वतः सकाळी पुसली होती.

भीती वाटायला हवी होती. बाईंना ती नंतर वाटली. त्या क्षणी त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या गाडीला आजवर ओरखडा नाही, ती भर रुळांवर, लोकांदेखत, नवशिक्यासारखी बंद पाडायची?

"सोड," त्या म्हणाल्या. जोरात नाही, वर्गात म्हणतात तशा. "सोड म्हणते ना."

पेडलं वर आली. सावकाश, हळूहळू, दोन्ही एकदम. गाडी हिसका खाऊन रुळांपलीकडे गेली, आणि मागे फाटकाचा दांडा खाली आला.

६

"मला मारायला निघाला होतात तुम्ही," बाई मिस्त्रीच्या शेडमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाल्या. तिथे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांचीही त्यांनी पर्वा केली नाही. "केबल आवळली म्हणालात. रुळांवर ब्रेक धरला गेला माझा. रेल्वे येत होती."

मिस्त्रीने नेहमीसारखं गोड काही बोलून वेळ मारून नेली नाही. गिऱ्हाइकांना त्याने नंतर या म्हणून वाटेला लावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"बाई, त्या दिवशी केबल सैल नव्हती."

"मग सैल आहे असं का सांगितलंत?"

"काहीतरी सांगायला पाहिजे होतं." तो हातातलं फडकं उगाच पिळत राहिला. "माझ्या भावाने किल्ली फिरवली. मी तुमच्या बाजूला खाली डोकं घालून, टॉर्च लावून बघत होतो. पेडल माझ्या नाकासमोर खाली गेलं. वरून दाबल्यासारखं नाही, ओढल्यासारखं. टक् टक् वाजतं ते पेडल नव्हे. त्याच्या मागचा पत्रा वाजतो."

"कशाने वाजतो?"

"ते मी बघितलं नाही. मी डोकं बाहेर काढलं."

"आणि मला त्या गाडीत बसवून पाठवलंत," बाई म्हणाल्या. "शिकाऊ माणसं बसतात तिच्यात. माझी सून बसते. मूग गिळून बसताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

मिस्त्रीने मान खाली घातली. बाईंना उत्तर नकोच होतं, त्यांना बोलायचं होतं. त्या पुष्कळ बोलल्या. शेवटी दम लागला तेव्हा त्यांनी हुकूम सोडला, "तो जोड काढून टाका. पेडलं, केबल, पट्ट्या, सगळं. माझ्यासमोर."

त्याने बाईंसमोर सगळं काढलं. सुटे भाग गोणपाटात बांधून भंगाराच्या ढिगावर ठेवले. जिथे केबल जात होती तिथे त्याने हात घालून चाचपलं नाही. लांब पक्कड वापरली. बाईंनी ते पाहिलं, आणि तेही त्यांना लागलं.

७

दुसऱ्या सकाळी बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्या ऐकत राहिल्या. काही नाही. इंजिनाची नेहमीची सलग घरघर, बस. बाईंनी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. काही नाही. लोखंडाचा एक जोड खराब होता, तो गेला, प्रश्न मिटला. वाफेचा डाग काय, थंडीत काचेवर वाफ धरतेच. बाकी सगळं मिस्त्रीच्या भित्र्या डोक्यातून आलेलं.

पेडलं नव्हती, त्यामुळे बाहेरच्या लोकांना शिकवता येणार नव्हतं. पण सुनेची परीक्षा जवळ आली होती आणि ती आता बऱ्यापैकी चालवत होती. नवरा म्हणाला, "राहू दे ना चार दिवस." एवढं ऐकल्यावर तर बाई थांबणं शक्यच नव्हतं. पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता रुंद आणि रिकामा असतो, हँडब्रेक आपल्या हाताशी आहे, तेवढं पुरे, असं म्हणून त्या सुनेला घेऊन निघाल्या.

सून छान चालवत होती. वळणं घेतली, गिअर बदलले, एकदा गाडी कडेला लावून दाखवली. बाईंनी तिला शाबासकी दिली, जी त्या सहसा देत नसत. ऊन कोवळं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. टाकीजवळचा उतार लागला.

"आता पाय उचल," बाई म्हणाल्या. "उतारावर गाडी आपोआप पळते."

गाडीचा वेग वाढला.

"उचल म्हटलं ना."

"आई," सून रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. तिचा आवाज शांत होता, जरासा कंटाळलेला, दवाखान्यात हट्टी पेशंटशी बोलावं तसा. "तुमचा पाय माझ्या पायावर आहे. काढा ना."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय त्यांच्याच बाजूला, सीटला चिकटून, एकमेकांत अडकवलेले होते. मग त्यांनी पलीकडे, सुनेच्या पायांकडे पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटरवर सुनेचा पांढरा कापडी बूट होता. बुटाची वरची बाजू आत दबली होती, नाड्या ताणल्या होत्या. त्यावर काहीही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत बूट आणखी दबला आणि इंजिनाचा आवाज चढला.

बाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागचं चाक किंचाळलं, गाडी तिरकी झाली, रस्त्याच्या उजव्या कठड्याला घासत गेली आणि उभी राहिली. पत्रा खरवडल्याचा तो आवाज इतका लांबला की बाईंना वाटलं, संपतच नाही.

"उतर," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूने उतर. इकडून ये."

सुनेचा पाय मोकळा व्हायला जरा वेळ लागला. दोघी बाहेर आल्या. बाईंनी गाडीला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली, आणि सुनेला हाताशी धरून घराकडे चालायला लागल्या. सून लंगडत होती. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या गाडीला काहीतरी बोलल्या असत्या, आणि तिकडून उत्तर त्यांना नको होतं.

८

घरी बाईंनी सुनेला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसून तिचा बूट काढला आणि पाय मांडीवर घेतला. नवरा दारापाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याने मिस्त्रीला फोन करून गाडी उचलून न्यायला सांगितलं होतं.

पाय वरून काळानिळा झाला होता. डाग पसरलेला नव्हता, त्याला नीट आकार होता. सुनेने वाकून, नर्सच्या नजरेने, तो तपासला. कुठे दुखतंय, कुठे हाडाला लागलंय, असं बोटाने दाबत गेली. मग तिचं बोट थांबलं.

"आई, ही टाच आहे बघा." तिने एका गोल डागाकडे दाखवलं. "आणि ही बोटं. पाचही उठलीत."

"दिसतंय मला."

"पण टाच माझ्या बोटांकडे आहे. आणि त्याची बोटं माझ्या घोट्याकडे." सुनेने आपल्या हाताचा पंजा त्या डागावर उलटा धरून पाहिला. "तुम्ही शेजारून पाय टाकलात असं मला वाटलं होतं. पण शेजारी बसलेल्याचा पाय असा पडत नाही. मागे बसलेल्याचाही नाही. हा समोरून आलाय. माझ्याकडे तोंड करून."

समोर काय होतं, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. समोर मधला पत्रा होता, आणि पत्र्याच्या पलीकडे इंजिन. नवऱ्याने तांब्या हळूच खाली ठेवला. सून पाण्याकडे बघत होती, पण तिने ते मागितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्री होता. बाईंनीच उचलला.

"बाई, टाकीपाशी आलोय. गाडी मिळाली. क्रेनवाला पुढची चाकं उचलतोय." त्याच्यामागे वाऱ्याचा आणि साखळ्यांचा आवाज येत होता. "पण बॉनेट असं सताड उघडं टाकून का गेलात? गाडीला तर कुलूप आहे."

"बॉनेटला मी हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या. कुणी खोटा आळ घ्यावा तसा त्यांचा आवाज चढला. "किल्ली माझ्या मुठीत आहे. मी हात लावलेला नाही, सांगते ना तुम्हाला."

"मग ते आतल्या खटक्याशिवाय उघडलं कसं?" मिस्त्रीने विचारलं. मग त्याने क्रेनवाल्याला थांबायला सांगितलं. साखळ्या थांबल्या. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही तिथून चालत गेलात का?"

"चालत आलो."

"मातीत तुमच्या दोघींच्या पावलांमागे आणखी..." तो म्हणाला, आणि पुढचं सांगितलं नाही.

बाईंनी फोन ठेवला. सुनेचा पाय त्यांनी मांडीवरून हलवला नाही, उलट तो दोन्ही हातांनी धरला. मग नवऱ्याकडे न बघता, दाराकडे बघत, अगदी हळू म्हणाल्या, "अहो, दार लावून घ्या."